अठराव्या वाढदिवसाआधीची गाडी

अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन चालवता येत नाही, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे चौथे कलम सांगते. त्याला अपवाद एकच. इंजिन ५० सीसीपेक्षा मोठे नसेल अशी मोटारसायकल सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला किंवा मुलीला चालवता येते. त्यासाठी लर्निंग लायसन्सच्या अर्जावर पालकाची लेखी संमती लागते. कायदा झाला त्या काळी या अपवादाला अर्थ होता. कायनेटिकची लुना १९७२ मध्ये बाजारात आली ती या ५० सीसीच्या आतली. पायडल मारून सुरू करायची, मोठा चढ आला की पुन्हा पायडल मारायचे, आणि वेग बेताचा. शतक संपता संपता ही गाडी मागे पडली. आज शोरूममध्ये पेट्रोलवरच्या ज्या स्कूटर दिसतात त्या बहुतेक ११० किंवा १२५ सीसीच्या असतात आणि ताशी ८० किलोमीटरपर्यंत त्यांचा काटा सहज जातो. सोळाव्या वर्षाची वाट कायद्यात अजून उघडी आहे, पण त्या वाटेने न्यायची गाडीच बाजारात राहिलेली नाही.

ही जागा विजेच्या छोट्या गाड्यांनी काही प्रमाणात घेतली आहे. मोटार २५० वॉटपर्यंतची आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत बांधलेला असेल तर नियमाप्रमाणे ती मोटार वाहनच ठरत नाही; तिला नंबरप्लेट नको, चालवणाऱ्याला लायसन्स नको. दहावी-अकरावीतल्या मुलासाठी ही गाडी वाईट नाही. अडचण पुढे येते. ‘फार हळू पळते’ म्हणून गॅरेजमध्ये वेगाची बांधणी सोडवून घेतली जाते, आणि त्या क्षणी ती लायसन्स, नंबर आणि विमा या तिन्हींशिवाय पळणारी बेकायदा गाडी होते. घरच्यांना बहुतेक वेळा याचा पत्ता नसतो.

प्रत्यक्षात सोळा-सतरा वर्षांची मुले सर्रास मोठ्या गाड्या चालवतात. दहावीची परीक्षा संपली की सुटीत गाडी शिकायची, हा शहरातल्या आणि गावातल्याही घरांचा अलिखित रिवाज आहे. अकरावीला कॉलेज एका टोकाला, क्लास दुसऱ्या टोकाला आणि घर तिसरीकडे. सकाळी साडेसहाच्या क्लासला वेळेवर पोचवेल अशी बस नसते, रोजची रिक्षा परवडत नाही, वडिलांची ड्युटीही तेव्हाच सुरू होते. मग आईची स्कूटर मुलाच्या हाती येते. गावाकडे कारणे वेगळी. डेअरीला दूध घालायचे, शेतावर डबा पोचवायचा, रात्रीची लाइट आली की विहिरीवरची मोटर चालू करून यायचे, तालुक्याहून आजोबांची औषधे आणायची. ही कामे चौदा-पंधरा वर्षांच्या पोराकडे येतात, आणि तिथे स्कूटर नसते. गिअरची मोटारसायकल असते, आणि जमिनीला पाय जेमतेम टेकतात. ‘आमचा आता एकटा तालुक्याला जाऊन येतो’ हे कौतुकाने सांगितले जाते. पोराच्या हाती गाडी देणे गुन्हा आहे, असे कुणाच्या मनातही येत नाही. ती घराची सोय असते. हे आधी मान्य केले नाही तर सगळी चर्चा पोरांच्या बेदरकारपणावर घसरते, आणि किल्ली दिली कुणी, हा प्रश्न बाजूला पडतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांपैकी ७४ हजार ८९७ जण दुचाकीवरचे होते. महाराष्ट्रातल्या मृतांची संख्या १५ हजार २२४. देशभरात अठरा वर्षांखालचे मृत ९ हजार ५२८, म्हणजे दिवसाला सरासरी २६. त्यांत पायी चालणारी आणि मोठ्यांच्या मागे बसलेली मुलेही आली, हे ध्यानात ठेवायला हवे. सगळी गाडी चालवत नव्हती. जगाचे चित्रही याच दिशेचे आहे. पाच ते एकोणतीस या वयोगटात मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण रस्त्यावरचा अपघात हे आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३ चा अहवाल सांगतो. तापाने किंवा साथीच्या रोगाने पोर जाईल या भीतीने घर रात्र रात्र जागते. गाडीवरून निघालेल्या पोराबद्दल तेवढी धास्ती कुणाला वाटत नाही.

या वयात धोका जास्त का, याची दोन कारणे आहेत आणि ती वेगवेगळी धरली पाहिजेत. पहिले कारण नवखेपणा. गाडी तोल सावरून चालवणे, ब्रेक दाबणे, वळवणे ही कामे हातापायांची. ती आठ-दहा दिवसांत येतात. रस्ता वाचणे हे डोळ्यांचे आणि अंदाजाचे काम आहे, आणि त्याला महिने लागतात. नवखा चालक पुढच्या चाकासमोरचा रस्ता पाहतो. मुरलेला चालक दूरवर पाहतो, मधूनच आरशात पाहतो, कडेच्या हालचाली टिपतो. शाळेपुढे रिक्षा थांबली आहे, म्हणजे तिच्या आडून एखादे मूल पळत येणार. कडेला लावलेल्या कारमध्ये ड्रायव्हरच्या जागी कुणीतरी दिसते आहे, म्हणजे दार उघडू शकते. एसटी स्टॉपवरून निघताना उजवीकडे येणार. हे मुरलेल्याला विचार न करता कळते, आणि नवख्याला समोर आल्यावरच दिसते. नवखेपणा वीस वर्षांच्या माणसालाही असतो आणि चाळिशीत गाडी शिकणाऱ्यालाही. त्यावर उपाय सरावाचा.

दुसरे कारण वयाचे. धोक्याचा तोल पाहणारा, हातातली कृती आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण पक्का व्हायला विशीचा मध्य उजाडतो. थरार आणि शाबासकी यांची ओढ मात्र चौदा-पंधराव्या वर्षीच जोरात असते. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत बोलका आहे. तेरा ते सोळा, अठरा ते बावीस आणि चोवीसच्या पुढचे अशा तीन गटांना त्यांनी पडद्यावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. सिग्नल पिवळा झाल्यावर किती पुढे जायचे ते खेळणाऱ्याने ठरवायचे. एकट्याने खेळताना गटागटांत फार फरक पडला नाही. मित्र शेजारी उभे राहून पाहू लागले तेव्हा किशोरवयीन मुलांनी कितीतरी जास्त धोका पत्करला, आणि मोठ्यांच्या खेळात जवळपास काहीच बदलले नाही. ट्रिपल सीट निघालेल्या गाडीचा तोल बिघडतो आणि ब्रेक लागायला अंतर जास्त लागते, हे तर आहेच. पण मागे दोघे मित्र बसले म्हणजे चालवणाऱ्याचे डोकेही वेगळे चालते. कट मारणे, पुढच्या गाडीला चिकटून जाणे, पिवळ्या सिग्नलला गाडी काढणे ही कामे मुले एकटी असताना कमी करतात. आता त्यात रीलची भर पडली आहे. पाहणारे मित्र शेजारी नसले तरी मोबाइलमध्ये असतात.

वेगाचे गणित मुलांना शाळेत शिकवले जाते, पण रस्त्याशी जोडून कुणी दाखवत नाही. समोर काही आले, ते डोळ्यांना दिसले, मेंदूला कळले आणि हात ब्रेकवर गेला, यात साधारण दीड सेकंद जातो. ताशी ४० किलोमीटर वेगात तेवढ्या वेळात गाडी सोळा-सतरा मीटर पुढे गेलेली असते. रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असले तर पुढच्या दहाएक मीटरांत ती थांबते. एकूण २७ मीटर. ताशी ६० ला दीड सेकंदाचेच २५ मीटर होतात आणि थांबायला आणखी २३. म्हणजे ४८ मीटर. ८० ला हा आकडा ७४ च्या घरात जातो. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते, आणि धडक बसली तर तिचा जोरही चौपट. गल्लीच्या तोंडाशी तीस मीटरवर म्हैस आडवी आली, तर ४० च्या वेगातला मुलगा तिच्या अलीकडे थांबतो. ६० च्या वेगातला तिथपर्यंत पोचतो तेव्हा त्याने नुकताच ब्रेक दाबलेला असतो. हातातला मोबाइल पाहण्यात दोन सेकंद गेले, तर ६० च्या वेगाने ३३ मीटर रस्ता न बघताच कापला जातो.

महाराष्ट्रातल्या रस्त्यांचे काही धोके ऋतूंनी ठरलेले आहेत. जूनमधला पहिला पाऊस त्यांतला एक. उन्हाळाभर डांबरावर साचलेले तेल आणि धूळ पहिल्या सरींनी ओली होऊन रस्ता निसरडा होतो. मुसळधार पावसाने तो धुऊन निघेपर्यंत दुचाक्या घसरत राहतात. अशा वेळी पुढचा ब्रेक एकदम दाबला की चाक सुटते. पुढचा ब्रेक दाबूच नये हा सल्ला घरोघर दिला जातो, तोही चुकीचा आहे. गाडी थांबवण्याची बरीचशी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू वाढवत दाबायचे असतात. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या लहान इंजिनांच्या नव्या दुचाक्यांत दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची झाली, १२५ सीसीवरच्या गाड्यांना चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा. घरातली जुनी गाडी पोराला देण्याच्या रिवाजात नेमक्या या सोयी नसलेली गाडी त्याच्या वाट्याला येते.

पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यात दिवाळीच्या आसपास गाळप हंगाम सुरू झाला की दुसरा धोका रस्त्यावर उतरतो. उसाने लादलेल्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या रात्री रस्त्याच्या कडेला उभ्या असतात. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने भरलेला, आणि उसाची टोके ट्रॉलीच्या बाहेर आलेली. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रखर दिवा डोळ्यांवर असताना ही ट्रॉली शेवटच्या वीस-पंचवीस मीटरांत दिसते. वरचे गणित इथे लावले की नवख्या पोरासाठी रात्री ग्रामीण रस्त्यावर ४० चा वेगही जास्त का ठरतो ते कळते. ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावून घेणे ही कारखान्याची आणि वाहतूकदाराची जबाबदारी आहे, पोराची नाही. काही कारखाने हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर लावण्याचा कार्यक्रम घेतात; तो हंगामभर टिकत नाही. खडी टाकून अर्धवट सोडलेले काम, पट्टे न रंगवलेले गतिरोधक, हायवा डंपरच्या डाव्या बाजूचा ड्रायव्हरला न दिसणारा पट्टा हे धोके मात्र बारमाही आहेत.

हेल्मेटचा विषय महाराष्ट्रात, विशेषतः पुण्यात, जितका वादाचा झाला तितका क्वचितच कुठे झाला असेल. जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांनी कडक अंमलबजावणी सुरू केली तेव्हा ‘हेल्मेटसक्ती’ विरोधात कृती समिती उभी राहिली आणि मोर्चेही निघाले. शहरातल्या कमी वेगाला हेल्मेट कशाला, मान दुखते, हॉर्न ऐकू येत नाही, असे युक्तिवाद झाले. तेव्हा घरात ते ऐकत मोठी झालेली मुले आज गाड्या चालवण्याच्या वयाची आहेत. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे अनेक देशांतल्या अभ्यासांच्या एकत्रित पडताळणीतून दिसले आहे. भारतात २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५० हजार २९ जण मेले. त्यांत १४ हजार ३३७ मागे बसलेले होते. कायद्याच्या १२९ व्या कलमाने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट बंधनकारक आहे.

डोक्यावर हेल्मेट आहे एवढ्याने भागत नाही. हनुवटीखालचा पट्टा लावला नसेल तर पहिल्याच आपटीत ते डोक्यावरून निघून जाते आणि डोके त्यानंतर रस्त्यावर आदळते. पट्टा लावल्यावर त्याखाली एक-दोन बोटे जातील एवढीच जागा असावी. हेल्मेट हातांनी पुढेमागे ढकलून पाहावे. त्याबरोबर कपाळाची कातडी हलली तर ते नीट बसले आहे, नुसतेच गोल फिरले तर ते मोठे आहे. वडिलांचे हेल्मेट सोळा वर्षांच्या मुलीला म्हणूनच चालत नाही. आतला थर्माकोलसारखा थर धडकेत स्वतः दबून डोक्याचा मार कमी करतो. एकदा दबला की त्याचे काम संपते, बाहेरून एक ओरखडाही नसला तरी. जून २०२१ पासून आयएसआय खुणेशिवायचे हेल्मेट बनवणे आणि विकणे बेकायदा आहे. रस्त्याकडेला दोनशे रुपयांत मिळणाऱ्या अर्ध्या टोप्या चलान वाचवायला घेतल्या जातात, आणि त्यांचा उपयोगही तेवढाच.

आता लायसन्सकडे. लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास. महाराष्ट्रात २०२१ पासून ही परीक्षा घरबसल्या देता येते; सोय मोठी, आणि उत्तरे दुसऱ्याच कुणी देण्याची वाटही तितकीच मोकळी. लर्निंग मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या लायसन्ससाठी जाता येते. तिथे दुचाकीवर पाय न टेकता इंग्रजी आठचा आकडा काढायचा. या परीक्षेत गाडीचा तोल तपासला जातो. रस्ता वाचता येतो का, पावसात ब्रेक कसा दाबायचा, रात्रीच्या दिव्यात काय दिसते, याचा त्यात संबंध नाही. कारसाठी मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले तर नियमाने किमान दहा तास प्रत्यक्ष गाडी चालवून घ्यायला हवी. दुचाकीसाठी स्कूलला जाण्याची पद्धतच नाही. काका किंवा मोठा भाऊ मैदानावर मागून दोन दिवस धावतो आणि शिक्षण पुरे होते. म्हणजे आज सतरा वर्षे आणि ३६४ दिवस वयाच्या मुलाला बाजारात मिळणारे कोणतेही मोटार वाहन रस्त्यावर चालवायची परवानगी नाही. पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत तोच मुलगा रात्री बारा वाजता, पावसात, मागे मित्राला बसवून ३५० सीसीची गाडी महामार्गावर नेऊ शकतो. पोहणे येण्याआधी विहिरीजवळ फिरकू द्यायचे नाही आणि एके दिवशी थेट पुराच्या नदीत सोडायचे, असा हा प्रकार आहे.

यावरचा उपाय न्यूझीलंडने १९८७ मध्ये लागू केला आणि नंतर तो बऱ्याच देशांनी उचलला: लायसन्स टप्प्याटप्प्याने देणे. पहिल्या टप्प्यात शेजारी अनुभवी चालक असल्याशिवाय गाडी चालवायची नाही. दुसऱ्या टप्प्यात एकट्याने चालवता येते, पण रात्री दहा ते पहाटे पाच बंदी, आणि अनुभवी माणूस शेजारी नसेल तर इतर कुणाला गाडीत घ्यायचे नाही. हे टप्पे चुका न करता पार पडले की पूर्ण लायसन्स. बंधने नेमकी दोनच गोष्टींवर आहेत, रात्र आणि मित्र. या वयाच्या अपघातांचा हिशेब पाहूनच ती निवडलेली आहेत. अमेरिकेत १९९६ मध्ये फ्लोरिडापासून ही पद्धत पसरली, आणि चांगल्या कडक नियमांच्या राज्यांत सोळा वर्षांच्या चालकांचे अपघात २० ते ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये पंचवीस वर्षांखालच्या शिकाऊ चालकाला १२० तासांची लॉगबुक भरावी लागते, त्यांतले २० तास रात्रीचे. सिडनीतल्या मराठी घरांतही मग आईबाप रविवारी सकाळी शेजारच्या सीटवर बसून तासांची नोंद करतात. ब्रिटनने २००२ च्या नोव्हेंबरपासून लेखी परीक्षेला एक भाग जोडला: रस्त्याच्या चित्रफिती दाखवायच्या, आणि धोका उभा राहतो आहे असे दिसताच उमेदवाराने बटण दाबायचे. जितक्या लवकर, तितके गुण जास्त. आरटीओच्या संगणकावर आधीच प्रश्नोत्तरे होतात तिथे पुण्या-नाशिकच्या चौकांच्या अशा चित्रफिती दाखवायला फार खर्च येऊ नये.

भारताने २०१९ च्या दुरुस्तीत वेगळा रस्ता धरला: शिक्षेचा. त्या वर्षी १ सप्टेंबरपासून लागू झालेल्या १९९ अ कलमानुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. मुलाने गाडी पालकाच्या संमतीनेच नेली, असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते, हे पालकाने सिद्ध करायचे. विम्याची बाजूही कमी जड नाही. लायसन्स नसलेल्याने अपघात केला तर समोरच्या माणसाला विमा कंपनीला भरपाई द्यावी लागली, तरी ती रक्कम कंपनी नंतर गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. स्वतःच्या गाडीचे नुकसान तर मिळतच नाही. ज्या घराची मिळकत महिन्याला वीस-पंचवीस हजार आहे त्याला अशी वसुली पिढीभर पुरते.

हे कलम पाच वर्षे बहुतेकांना माहीतच नव्हते. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या पोर्श गाडीने मोटारसायकलला धडक दिली आणि त्यावरचे चोवीस वर्षांचे दोन अभियंते ठार झाले. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने मुलाला जामीन देताना रस्ता अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली, आणि लोक खवळले. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना आणि मुलाच्या आईवडिलांना अटक झाली. या प्रकरणाची चर्चा पैसा, दारू आणि निबंध यांभोवतीच राहिली, आणि ती अस्थानी नव्हती. पण त्यामुळे एक गैरसमजही पक्का झाला की हा श्रीमंतांच्या बिघडलेल्या पोरांचा प्रश्न आहे. पोर्शच्या पोराशी आपला काय संबंध, असे म्हणत त्या आठवड्यातही घरोघरच्या स्कूटर क्लासला जातच होत्या.

शिक्षेची भीती हवीच, पण तिने किल्ली फार तर काही दिवस खुंटीवर राहते. टप्प्यांचे लायसन्स कायद्यात येईपर्यंत ते घरात लावता येते. अठरा पूर्ण होईपर्यंत सायकल, किंवा वेगाची बांधणी न सोडवलेली विजेची गाडी. लर्निंग हाती आले की पहिले धडे मोकळ्या मैदानावर: ताशी २० ला दोन्ही ब्रेकने थांबणे, मग ३० ला, मग ओल्या मातीवर; मान वळवून मागे पाहताना गाडी सरळ ठेवणे; खडीवर ब्रेक न दाबता जाणे. नंतर रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर, मागे घरातला लायसन्सवाला माणूस. शिकाऊ लायसन्सवर मागे मित्राला घेता येत नाही, हा नियम आजही आहे. फक्त पाळला जात नाही. मागे बसणाऱ्याने ओरडत सूचना देण्यापेक्षा चालवणाऱ्यालाच बोलायला लावावे: आता काय दिसते, काय होईल असे वाटते. ‘डावीकडे पाण्याचा टँकर, मागे पाणी सांडले असणार’ असे मूल आपणहून म्हणू लागले की डोळे तयार होत आहेत. पावसाचा आणि रात्रीचा सराव मुद्दाम वेगळा करावा. पक्के लायसन्स मिळाल्यावरही पहिले सहा महिने रात्री दहानंतर गाडी नाही आणि मागे मित्र नाही. न्यूझीलंडने कायद्याने केले ते घरच्या शब्दाने निम्मे तरी होते. मुलाला शिकवणारा बाप स्वतः राँग साइडने कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातो की वळसा घालतो, हेही याच अभ्यासक्रमात येते.

उरतो तो साडेसहाचा क्लास. जोवर मुलाला तिथे पोचवायला दुसरे काही नाही, तोवर अठराच्या आतली गाडी बंद होणार नाही. एसटीच्या पासात विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे, आणि मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या काही तालुक्यांत फक्त शाळेच्या मुलींसाठी धावतात. ज्या गावांत ही बस शाळा सुटताना वेळेवर येते तिथे मुलीला गाडी द्यावी की नाही हा प्रश्नच उठत नाही. अडचण वेळापत्रकाची आहे. बस शाळेच्या घंटेला बांधलेली, आणि अकरावी-बारावीचे शिक्षण सरकून क्लासच्या वेळांवर गेलेले. शहरात एकाच रस्त्यावर दहा-दहा क्लास असतात. त्यांनी मिळून सकाळची एक फेरी मागितली तर स्थानिक बससेवेला प्रवासी ठरलेले मिळतात. लायसन्स पाहूनच पार्किंगचा पास देण्याचा नियम कॉलेज करू शकते, पण नुसत्या नियमाने गाड्या फाटकाबाहेरच्या गल्लीत लागतात. सायकलसाठी छप्पर असलेला, कुलपाची सोय असलेला स्टँड आणि फाटकाशी बसथांबा ही तयारी आधी झाली तर तो नियम टिकतो.